सूचना : घर किंवा प्लॉट घेण्यासाठी ख्रिस्ती एजंट शोधताना

मंडळीतील बंधू-भगिनींनो,

आपल्यातला एजंट हवा असेल तर पास्टरसाहेबांना विचारा आणि त्यानं ज्यांचे व्यवहार करून दिले अशा एक-दोघांच्या घरी स्वतः जाऊन या. महारेरात (बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदलेल्या प्रकल्पातला प्लॉट असेल तर एजंटाकडे महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच. दलाली आधीच लिहून घ्या. प्रार्थनेला सोबत बसतो म्हणून हे टाळू नका.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. गावात फसगत होते ती अनेकदा इथंच. विकणाऱ्याचं नोंदणीकृत खरेदीखत पाहा, प्लॉटसाठी सातबारा आणि अकृषक आदेशही (जमीन बिगरशेतीसाठी वापरायची परवानगी), आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (त्या मालमत्तेच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) काढा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर सरकारी परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. इसार चेकनंच द्या.