उणे सहा डीबीने मिक्स सुधारत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत कसे तयार करावे, यावर आपल्या पुरवणीत लेख आला, हे बरेच झाले. मराठीत या विषयावर क्वचितच काही छापून येते. मात्र ट्रॅक मास्टरिंगला, म्हणजे प्रकाशनाआधीच्या अखेरच्या संस्काराला, पाठवण्याविषयी त्यात जे दोन आकडे दिले आहेत, त्यांनी नवख्यांची दिशाभूल होण्याचा संभव आहे. मिक्सचा (सगळे आवाज एकत्र केलेल्या फाइलचा) पीक, म्हणजे सर्वांत उंच टोक, उणे ६ डीबीवर आणावा (शून्य ही डिजिटल कमाल) आणि मास्टर, म्हणजे मास्टरिंग झालेली फाइल, उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप) करून घ्यावा, एवढ्यावर लेखकाने विषय संपवला आहे. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. पण काम जिथे करायला हवे, तिथून ते लक्ष दुसरीकडेच नेतात.

आधी उणे सहाचे पाहू. २४ बिट फाइलची डायनॅमिक रेंज कागदावर सुमारे १४४ डीबी असते, म्हणजे बिटमागे साधारण ६. पीक उणे ६वर ठेवला की एक बिट रिकामा राहतो आणि २३ उरतात. एवढ्या खोलवर ऐकू येण्यासारखे काही नसतेच. त्यामुळे पीक उणे ३ असो, उणे ६ असो की उणे १०, मास्टरिंग करणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. तो गेन (पातळी) हवा तसा करून घेतो. ३२ बिट फ्लोट फाइलमध्ये तर पीक शून्याच्या २ डीबी वर गेला तरी लाट शाबूत असते, गेन कमी केला की जशीच्या तशी परत मिळते. ती कापली जाते २४ किंवा १६ बिटमध्ये बाउन्स करताना, म्हणजे फाइल काढताना, नाहीतर वाटेतल्या एखाद्या प्लगइनच्या (जोडसॉफ्टवेअरच्या) आत.

खरा प्रश्न ते सहा डीबी कसे मिळवले हा आहे. मास्टर चॅनलवर (सगळे आवाज शेवटी जिथे एकत्र येतात तिथे) लिमिटर (ठरावीक उंचीवरची टोके दाबणारा) बसवलेला, तो प्रत्येक किकवर (बास ड्रमच्या ठोक्यावर) ५-६ डीबी चेपतोय आणि त्याच्यानंतर आउटपुट तेवढाच खाली ओढलाय, असे असेल तर हा बैल गेला नि झोपा केला यातला प्रकार. मीटर इमानदारीत उणे ६ दाखवतो. फाइलमधली लाट पडद्यावर मोठी करून पाहिली की भांडे फुटते. सगळ्या किकांची टोके कुंपण छाटावे तशी एका उंचीवर दिसतात. क्लिपर (टोके सपाट कापणारा) वापरला असेल तर आणखी झूम करा, टोकावर आठ-दहा सॅम्पल (लाटेची क्षणाक्षणाची मापे) ओळीने एकाच किमतीचे सापडतील. ठोक्याचा तो पहिला टणत्कार गेलेला असतो आणि तो परत आणणारे यंत्र नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की मास्टरवर लिमिटर आधीपासून बसलेलाच असतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो आधी काढून मगच फेडर (पातळीच्या सरकपट्ट्या) लावायला घ्यावेत. शेवटी काढला तर सगळा तोल बिघडलेला दिसतो, कारण तोल लिमिटरच्या भरवशावर लावलेला असतो.

मास्टरवरचा कॉम्प्रेसर (मोठे आवाज हलकेच दाबणारा) मात्र सरसकट काढू नये. सुरुवातीपासून त्याच्यातूनच ऐकत मिक्स केला असेल आणि तो १-२ डीबीच दाबत असेल, तर तो मिक्सचाच भाग आहे. शंका असल्यास दोन फाइली पाठवाव्यात, एक कॉम्प्रेसरसह आणि एक त्याशिवाय.

मास्टरचा आवाज कुठवर चढेल, हे बव्हंशी किक आणि बेस ठरवतात. दोघांचेही पीक उणे ६वर आहेत आणि दोघे एकाच वारंवारतेवर, एकाच क्षणी, एकाच फेजमध्ये (लाटांचे चढ-उतार जुळून) आले, तर बेरीज थेट शून्यावर जाते. मग लिमिटर दर ठोक्याला सगळा ट्रॅकच खाली दाबतो, आणि हाय-हॅट (झांजा) नि पॅड (लांबणारे सूर) विनाकारण गचके खातात. उलट फेजमध्ये आले तर दोघे एकमेकांना खाऊन टाकतात आणि किक पोकळ लागते. ५० हर्ट्झच्या लाटेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. म्हणजे बेसचा सूर अवघा १० मिलिसेकंद सरकला तरी बेरजेची वजाबाकी होते. किकचे शेपूट ५० हर्ट्झजवळ आणि बेस खालच्या ‘जी’ (G) या सुरावर, म्हणजे ४९ हर्ट्झवर असेल, तर हे होणारच. अशा वेळी ईक्यू (वेगवेगळ्या वारंवारता कमी-जास्त करणारे साधन) फिरवत बसण्यापेक्षा किकचा नमुना किंवा त्याचा सूर बदलणे सोपे. नाहीतर किकचे शेपूट आखूड करून खालची जागा बेसला द्यावी.

साइडचेनमध्ये किक वाजली की कॉम्प्रेसर बेसला क्षणभर दाबतो. तिथेही वेळेचे गणित महत्त्वाचे. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा असतो. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) जवळजवळ शून्य आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १२० ते १८० मिलिसेकंद ठेवला, तर अर्ध्या ठोक्यापर्यंत, म्हणजे २४२व्या मिलिसेकंदापर्यंत, बेस पूर्ण परतलेला असतो. रिलीज फार छोटा केला की खालच्या स्वरांवर खरखर येते, कारण कॉम्प्रेसर लाटेच्या एकेका फेऱ्याच्या मागे धावू लागतो. बेसच्या नोटच्या सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर लाट शून्यावर नसताना ती तोडली गेली आहे. ३ ते ५ मिलिसेकंदांचा फेड पुरतो. हा टक् मिक्समध्ये लपतो. मास्टरमध्ये आवाज चढला की तो वर येतो.

लो-एंड (खालचे सूर) स्वच्छ करण्यासाठी मास्टरवरच ३० हर्ट्झचा तीव्र उताराचा हाय-पास (त्याखालचे कापणारा फिल्टर) लावायचा, ही सवयही बरी नव्हे. असा फिल्टर खालच्या स्वरांची फेज फिरवतो, लाटेचा आकार बदलतो आणि ऊर्जा कमी होऊनही पीक चढू शकतो. लिनिअर फेज (लाटेचा आकार न बिघडवणारा) फिल्टर घेतला तर किकच्या आधी एक पुसटशी पूर्वछाया ऐकू येऊ शकते. ज्या चॅनलवर खाली काही काम नाही, पॅड, व्होकल, हॅट, तिथे हाय-पास लावावा आणि मास्टरला हात लावू नये.

आता खोली. बेस बिघडण्यात तिचा वाटा प्लगइनपेक्षा मोठा असतो. खोलीची लांबी ३.४३ मीटर असेल तर तिचा पहिला अनुनाद ५० हर्ट्झला पडतो (३४३ भागिले लांबीची दुप्पट). खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला तो ५० हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाही, आणि मागच्या भिंतीला टेकणाऱ्याच्या तोच अंगावर येतो. मध्यावर बसणारा बेस वाढवतो, भिंतीशी बसणारा कापतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबरच असतात! समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करावी, हेडफोनवर पडताळावे, आणि त्याच धाटणीचा एखादा नीट मास्टर झालेला ट्रॅक सारख्या पातळीवर आणून शेजारी ठेवावा. सारख्या पातळीवर, हे महत्त्वाचे. मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो, आणि वाढत्या आवाजाबरोबर कानाला बेसही जास्त लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे आलेखात मांडले. एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भाचा ट्रॅक आणला तर त्याचा वार्प बंद आहे ना, तेही पाहावे. चालू राहिला तर तो प्रोजेक्टच्या तालाला ताणला जातो आणि तुलना एका बिघडलेल्या फाइलशी होते.

स्टिरिओच्या मोहाबद्दल एक-दोन गोष्टी. पॅड रुंद करायला एक बाजू १० मिलिसेकंद उशिरा सोडली, तर हेडफोनवर छान पसरते. मोनोत दोन्ही बाजू एकत्र आल्या की ५०, १५०, २५० हर्ट्झवर, अशा दर १०० हर्ट्झला खाचा पडतात. अनेक क्लबांमधली स्पीकर यंत्रणा मोनोवर चालते, तेव्हा हा प्रश्न नुसता कागदावरचा नाही. मास्टरवर मोनोचे बटण लावून मुख्य लीड (प्रमुख धून) हरवते का, ते ऐकावे. कोरिलेशन मीटर (दोन बाजू किती जुळतात ते दाखवणारा) बराच वेळ शून्याखाली राहत असेल, तर रुंदीकरण आवरावे. साधारण १२० हर्ट्झखालचे सगळे मोनो ठेवावे. व्हायनल (तबकडी) कापायचे असेल तर हे सक्तीचेच समजा: डाव्या-उजव्या बाजूंच्या बेसमध्ये फरक असला की तबकडीवरची खाच खाली-वर होते आणि सुई उडते.

डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणे) लावताना ओव्हरसॅम्पलिंग (आतले गणित जास्त सॅम्पल रेटवर करणे) चालू ठेवा. ८ किलोहर्ट्झच्या स्वराचा तिसरा हार्मोनिक (मूळ स्वराची तिप्पट) २४ किलोहर्ट्झ, पाचवा ४०. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे २२.०५च्या, वर जागाच नाही, म्हणून २४ परत फिरून २०.१वर उतरतो आणि ४० थेट ४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे कान सर्वांत तिखट असतो त्या पट्टीत. हॅट ‘किरकिरते’ म्हणून ईक्यूने कापत बसणाऱ्यांनी आधी हे तपासावे. आणि १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीतून काढलेला नमुना डब्ल्यूएव्ही करून वापरला तरी वरचा तजेला येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फाइल काढताना करायचे ते फार नाही. डब्ल्यूएव्ही किंवा एआयएफएफ, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट, सॅम्पल रेट प्रोजेक्टचा जो असेल तोच. ४४.१चा प्रोजेक्ट ९६वर चढवून काहीच मिळत नाही. नॉर्मलाइझ (पीक आपोआप शून्याला नेणे) बंद. डिदर (मिसळायचा अतिसूक्ष्म गोंगाट) फक्त बिट कमी करताना लागतो, तो मास्टरिंगमध्ये अगदी शेवटी दिला जाईल. ३२ बिट फ्लोटला तो देऊच नये. सुरुवातीला एक बार मोकळा सोडावा आणि शेवटी रिव्हर्ब (घुमारा) पूर्ण विझेपर्यंत थांबावे. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘लीव्ह रिमेंडर’ निवडावे लागते, ‘कट’ ठेवले तर शेपूट तुटते. फेड-आउट शक्यतो मास्टरिंगवर सोपवावा, कुठून कुठपर्यंत तेवढे लिहून द्यावे. मग ती बाउन्स केलेली फाइल, प्रोजेक्ट नव्हे, पहिल्यापासून शेवटपर्यंत हेडफोनवर ऐकावी. हे टाळल्यामुळे एखादा सिंथ गायब असलेली फाइल पुढे जाते.

सोबत चार ओळी हव्यात: ट्रॅक कशासाठी आहे (स्ट्रीमिंग, क्लब की व्हायनल), बीपीएम, संदर्भाचा ट्रॅक, आणि स्वतःला खटकणारी एखादी जागा. घरी लिमिटर लावून ऐकलेली आवृत्तीही पाठवावी, फक्त तिच्या नावात ‘संदर्भ’ असे स्पष्ट असावे.

स्टेम्स (वाद्यगटांच्या वेगवेगळ्या फाइली) मागितले तर सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे, सारख्याच लांबीचे, रिव्हर्ब आणि डिलेसकट द्यावेत. इथे एक खोडी असते. बेस एकटा सोलो करून बाउन्स केला की काही ठिकाणी साइडचेनला किक मिळतच नाही, आणि पंपिंग (किकसोबतची बेसची दाब-सोड) नाहीसे होते. सगळे स्टेम्स नव्या प्रोजेक्टमध्ये मांडून, मास्टर चॅनल दोन्हीकडे रिकामा ठेवून काढलेला मूळ मिक्स उलट्या पोलॅरिटीने (लाट उलटी करून) त्यावर वाजवावा. शांतता आली तर सारे जुळले. मोकळ्या फिरणाऱ्या ऑसिलेटरमुळे (सिंथचे दर वेळी लाटेच्या वेगळ्या जागेपासून सुरू होणारे स्वरस्रोत) थोडे अवशेष राहतील, त्याची काळजी नको. पण अवशेषात किक किंवा बेस ओळखू येत असेल, तर काहीतरी राहिले आहे.

उरला उणे १४चा आकडा. एलयूएफएस मोजायची पद्धत आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस.१७७० या २००६च्या शिफारशीतून आली. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला उणे १४वर वाजवते, ॲपलचा साउंड चेक उणे १६वर, तर यूट्यूब मोठ्या आवाजाचा ट्रॅक खाली आणते पण लहान आवाजाचा वर नेत नाही. वाजवण्याची पातळी आणि मास्टर करण्याची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लबसाठीचे ट्रॅक सर्रास उणे ९ ते उणे ७च्या आसपास असतात आणि डीजेच्या सेटमध्ये स्ट्रीमिंगसारखे समतल होईलच असे नाही. समतल न झाल्यास उणे १४चा ट्रॅक शेजारच्या ट्रॅकांत मलूल वाटतो. शिवाय या मोजणीत अगदी खालच्या स्वरांना वजन कमी, तेव्हा ३५ हर्ट्झची नुसती गुरगुर एलयूएफएस फारसे वाढवत नाही, पण हेडरूम (शून्यापर्यंतची मोकळी जागा) मात्र गिळते. खरे जपायचे ते ट्रू पीक (सॅम्पलांच्या मधल्या लाटेसह मोजलेले खरे टोक). एमपीथ्री किंवा एएसीत रूपांतर होताना टोके वर सरकतात, म्हणून उणे १ची मर्यादा. स्पॉटिफाय तर उणे १४पेक्षा मोठ्या मास्टरला उणे २ सुचवते.

मास्टर परत आला की तो लगेच मिक्सशी ताडू नये. आधी त्याचा गेन मिक्सच्या पातळीवर येईल इतका, बहुधा ६ ते १० डीबी, कमी करावा आणि मग दोन्ही आलटून-पालटून ऐकावेत. सारख्या पातळीवर मास्टरची किक मिक्सपेक्षा बोथट लागली, तर कितव्या मिनिट-सेकंदाला ते लिहून फाइल परत पाठवावी. दुरुस्तीसाठी ‘जरा जास्त पंच हवा’ या वाक्यापेक्षा तो वेळ उपयोगी पडतो.

आपला नम्र,
मास्टरिंगचे काम करणारा एक वाचक