सूचना: कचऱ्याचा डबा रात्री बाहेर ठेवू नका

मंडळी, न्यू जर्सीतल्या ससेक्स काउंटीत जंगलाला लागून राहणाऱ्यांसाठी. हिवाळ्याआधी काळी अस्वलं सारखी खात असतात, दिवसाला 20,000 कॅलरीपर्यंत. परवा आमचा डबा उताणा पडलेला होता. चकलीच्या तेलाचे कागद चाटूनपुसून स्वच्छ, भोपळ्याच्या साली मात्र जशाच्या तशा! आवडनिवड असते त्यांनाही.

डबा गाडी यायच्या दिवशी सकाळीच बाहेर काढा. पक्ष्यांचे दाणे आता उतरवून ठेवा, ग्रिल घासून आत घ्या. फराळाचे डबे गाडीत विसरू नका. दाराची कडी पंजाने ओढून उघडणं त्यांना सहज जमतं. आणि कौतुकाने पोळी टाकणं तर अजिबात नको. न्यू जर्सीत अस्वलाला खाऊ घालणं बेकायदा आहे, 1,000 डॉलरपर्यंत दंड होतो.

समोर आलंच तर पळू नका, झाडावर तर चढूच नका, ते तुमच्यापेक्षा भराभर चढतं. मोठ्याने बोलत, हात वर करून हळूहळू मागे सरका. पिल्लू एकटं दिसलं तरी फोटोसाठी जवळ जायचं नाही, आई आसपास असतेच. कुत्र्याला साखळीशिवाय सोडू नका.

आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांना हे आजच सांगा. पहाटे फिरायला तेच निघतात.