कोरडा लंगोट

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुला उलट्या-जुलाब लागल्याचा फोन काल रात्री तुझ्या रूममेटचा आला, तुझा नाही. आई देवापाशी जाऊन बसली, मी पुण्याच्या गाड्या पाहत बसलो. सकाळी तू म्हणालीस, "बाबा, व्हायरल आहे, दोन दिवसांत जाईल." जाईल, मलाही माहीत आहे. पण फोनवर तू नुसतं हो-हो करतेस, म्हणून व्हॉट्सअॅपवर एवढं लांब लिहितोय.

बापाने मुलीला विचारायची गोष्ट नाही, तरी विचारतो. लघवी होते ना? शेवटची कधी झाली? गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय.

दुकानातून आणलेली अँटिबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नको. विषाणूवर ती चालत नाही. ओआरएसचं पाकीट पूर्ण फोड, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्धं आता, अर्धं मग, असं नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग चमचा-चमचा घे. आतड्यात साखर मिठाला सोबत घेऊन आत जाते आणि त्यांच्यामागे पाणी जातं. आतडं आजारी असलं तरी ही वाट चालू राहते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन कमी पडली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साखर-मिठाच्या पाण्यावर माणसं वाचवली.

बघ, शिकवणी सुरू झाली. आजारी पोरीला इतिहास सांगतोय, माफ कर.

पण तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. 2003 चा नवतपा होता, मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, तू अकरा महिन्यांची. उलट्या-जुलाब लागले. आजीने पाणी बंद केलं, पोटाला आराम पडेल म्हणून. तिच्या काळी तसंच करायचे, तिला बोल लावू नको. मी नाईट करून आलो आणि मीही म्हटलं, बरोबर आहे, नका पाजू. दुपारी लंगोट कोरडा दिसला तर आम्हाला बरं वाटलं, की जुलाब थांबले. आईनेच पाहिलं की तू रडते आहेस पण डोळ्यांत पाणी नाही, आणि टाळू खोल गेली आहे. अजनीहून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यापर्यंत भर उन्हात स्कूटर, मागे आई तुला ओल्या दुपट्ट्यात धरून. सलाईन लागली. संध्याकाळी सिस्टरने आईच्या हातात वाटी-चमचा दिला. रात्री अडीचला तू माझी पँट ओली केलीस. मी त्या वॉर्डात सगळ्यांसमोर रडलो, मनू. तुझ्या दहावीच्या निकालालाही इतका आनंद झाला नाही. तेव्हा लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसची लस इथे नव्हती. आता नंदाच्या नातवाला सरकारी दवाखान्यात फुकट पाजली.

म्हणून विचारतो. आठ तास लघवी नाही, उभं राहिलं की चक्कर, शौचात रक्त, किंवा चमचाभर पाणीही टिकत नाही, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट पाहू नको. रूममेटला उठव, हॉस्पिटल गाठ. पैशाचं मी पाहतो.

तिलाही जप. नुसतं सॅनिटायझर नको, नोरोव्हायरससारख्या पोटाच्या विषाणूवर ते फारसं चालत नाही. साबणाने हात धू. बरं वाटल्यावरही दोन दिवस तिच्यासाठी स्वयंपाक करू नको. तू मात्र मऊ भात, ताक, केळं खा. उपाशी राहू नको. तर्री-पोहे तू नागपूरला आलीस की बर्डीला खाऊ.

आपल्या घरातून एकटी पुण्याला गेलेली तू पहिली. सगळं सांभाळतेस, ते मला दिसतं. आजारपण लपवणं तेवढं सांभाळण्यात धरू नको.

आई म्हणते, किती वेळा तेच विचारता. झोपायच्या आधी मेसेज टाक. बाकी काही नको, "झाली" एवढंच लिही. मी जागाच आहे.

तुझा,
बाबा