बारशानंतर लावायच्या तीन फळ्या

लीड्स,
11 जानेवारी

ती. आई, बाबा आणि आजीस सा. न.

पार्सल परवा पोचलं. दोन पुठ्ठ्यांत घालून बांधल्यामुळे एकही लग्नपत्रिका मुडपली नाही. कुंदा आम्ही दोघांनी उभ्या उभ्याच संपवला. माझी तब्येत चांगली आहे, बाकी फोनवर बोललोच.

आई, "बाळ यायच्या आधी खोली सजवू नये," एवढं बोलून तू गप्प झालीस, ते मनात राहिलंय. इथे बाळाची खोली आधीच तयार करतात. भिंती रंगवतात, पडदे लावतात आणि खोलीचा एक विषय ठरवतात. जंगल ठरलं की पडद्यावर ससा, दिव्यावर ससा, गालिच्यावरही ससा. बसस्टॉपवर अनोळखी बाईसुद्धा विचारते, "खोली झाली का?" आपल्याकडे डोहाळे विचारतात ना, तसंच. मला आधी कळेचना, बाळाचा पत्ता नाही आणि खोली कसली? पण खोली झाली म्हणून तान्ह्याला तिथे एकटं निजवा, असं कोणी म्हणत नाही. पहिले सहा महिने बाळाला आईबापाच्याच खोलीत झोपवा, असं इथला सरकारी दवाखाना सांगतो. तेव्हा ती काळजी सोड.

आणि आम्ही पाळणा आणलेला नाही. वेगळी खोलीही नाही, आमच्याच खोलीतली खिडकीजवळची भिंत आहे. तिच्यासाठी मी फूटभराच्या तीन चौकोनी फळ्या करतेय. शेजारच्या सत्तरीतल्या बाईंनी शिकवलं. याला डेकूपाज म्हणतात. कागदाची चित्रं कापून लाकडावर चिकटवायची आणि वॉर्निशचे इतके हात द्यायचे की बोट फिरवलं तरी कागदाची कड लागू नये. त्या छापील कागदी नॅपकिन घेतात, त्याचा फक्त वरचा पापुद्रा सोडवून वापरतात. मला ससे नको होते, म्हणून तुझ्याकडे पत्रिका मागितल्या.

पहिली फळी वाया गेली. मामाच्या पत्रिकेवरचा गणपती तसाच गमवर ठेवला, लाल शाई पसरली आणि सोंड पुसली गेली. ती पत्रिका एकच होती. मी रडले गं. आधी कागदाला दोन्ही बाजूंनी वॉर्निशचा पातळ हात देऊन सुकवायचा आणि मगच कापायचा, हे बाईंनी नंतर सांगितलं. आता केळीचे खांब, मोर, सनईवाले छान बसलेत. शेजारच्या अक्कांच्या पत्रिकेतली मराठी आणि कन्नड अक्षरं एकाच फळीवर लावलीत. वडगावात आपण दोन्ही ऐकतच वाढलो, बाळानेही दोन्ही बघावीत.

वासाचं म्हणशील, तर वॉर्निश पाण्यात कालवायचं आहे, खिडकी उघडी असते आणि पॉलिश पेपरने घासायचं काम तुमचे जावई बाहेर अंगणात करतात. फळ्यांना काच नाही, बाळाच्या डोक्यावरही लावणार नाही. आणि बारसं झाल्यावरच लावीन. तोवर त्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतील. चालेल ना?

आजीला सांग, इथे मेरी डेलनी नावाच्या बाई होऊन गेल्या. 1772 च्या सुमारास, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली. नजर अधू होईपर्यंत दहा वर्षांत जवळजवळ हजार केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आजी, तूही मोतीबिंदूचं आता लांबवू नकोस. त्यासाठी 40 हजार पाठवलेत. बाबा, ते धाकटीच्या लग्नात घालू नका. लग्नाचे मार्चमध्ये वेगळे पाठवते, जरा कमी असतील, दवाखान्यात न्यायची खरेदी निघाली.

धाकटीचं अक्षय्य तृतीयेला ठरलं, फार आनंद झाला. बाळ तेव्हा जेमतेम महिन्याचं असेल, मला येता येणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तू मधली खोली रंगवून ठेवली होतीस, हे मला तिच्याकडून कळलं. तू बोलली नाहीस.

तिसऱ्या फळीच्या मधोमध हाताएवढी जागा मोकळी ठेवलीय. तिच्या पत्रिका छापून आल्या की दोन पाठव. कोपऱ्यांना हळदकुंकू लाव, पण गणपतीला लागू देऊ नकोस. रंग पसरतो.

तुझी,
थोरली