फ्रिजमध्ये दोन डबे

कराड,
रविवार, २४ ऑगस्ट

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, सबमिशन चालू आहेत, डोळ्यांच्या तपासणीचं दिवाळीत घरी आल्यावर बघू. दुखत नाही काही, लालपण नाही." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक असलं की मला धड बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणून आज दुकान लवकर बंद करून लिहायला बसलोय. मोबाइलवर पाठवलं असतं तर तू लेक्चरला बसून वरवर बघितलं असतंस आणि मला एक अंगठा धाडला असतास. हे नागपूरला पोचायला चार दिवस लागतील. लागू देत.

दुखत नाही, लाल नाही. हेच वाक्य मी २०१० साली पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमना ऐकवलं होतं, तेही आवाज चढवून.

तू चार वर्षांची होतीस. उजवा गुडघा सुजलेला. सकाळी उठलीस की जिना बसून, घसरत उतरायचीस आणि दहा वाजता अंगणात पळत असायचीस. त्यामुळे आम्हाला सगळ्यांना वाटायचं, बालवाडीत जायचं नाही म्हणून नाटक आहे. आज्जीनं दोन महिने तेल चोळलं. शेवटी पुण्याला नेलं, रक्त तपासलं, तेव्हा कळलं की संधिवात लहान मुलांनाही होतो. एएनए नावाची एक तपासणी पॉझिटिव्ह आली होती. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती डोळ्यांच्या डॉक्टरांची! माझं डोकंच फिरलं. सुजलाय गुडघा आणि हे डोळे तपासा म्हणतात. अजून एक फी, अजून एक खाडा.

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वय लहान, मुलगी, मोजकेच सांधे सुजलेले आणि एएनए पॉझिटिव्ह. अशा मुलांच्या डोळ्याला आतून सूज येते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुखायला लागल्यावर यायचं ठरवलंत तर उशीर झालेला असेल. दर तीन महिन्यांनी यायचं."

माझ्याकडे दुरुस्तीला येणारी पंपाची मोटर जळण्याआधी गुरगुरते, तापते, वार्निशचा वास सोडते. शेतकरी लक्ष देत नाही ती गोष्ट वेगळी, पण मोटर सांगून जळते. तुझ्या डोळ्याचं तसं नव्हतं.

तिसऱ्या तपासणीला सापडलं. त्या मशीनवर तुझी हनुवटी पोचत नव्हती म्हणून तू माझ्या मांडीवर आणि मी स्टुलावर. मॅडमनी नंतर मला बाजूच्या नळीतून बघायला दिलं. आधी काही कळेना. मग दिसलं. आपल्या जुन्या घरात कौलाच्या फटीतून कवडसा पडायचा, त्यात धूळ कशी तरंगायची, तसे बारीक कण तुझ्या डाव्या डोळ्यात वर-खाली होत होते. डोळ्यातलं पाणी नितळ असायला हवं, त्यात या पांढऱ्या पेशी. बाहेरून डोळा दुधासारखा स्वच्छ. या आजाराला युव्हिआयटिस म्हणतात हे त्या दिवशी कळलं. एसटीत तुझी आई तुझ्या डोळ्यांकडे बघत होती, काही दिसतंय का म्हणून. कराड येईपर्यंत बघत होती.

मग थेंब सुरू झाले. जाग असेल तोवर दर दोन तासांनी स्टेरॉइडचे, बाटली खूप हलवून, कारण औषध तळाला बसतं. मग पाच मिनिटं थांबून बाहुली मोठी करायचे दुसरे. तुझं डोकं माझ्या मांडीत धरायचो, तू डोळे मिटून वीसपर्यंत मोजायचीस, बाराच्या पुढं आकडे गाळून. बाहुली मोठी झाली की ऊन सोसायचं नाही, जवळचं अक्षर दिसायचं नाही. बाईंनी वहीत शेरा मारला होता, "लक्ष देत नाही." तो मी अजून विसरलेलो नाही.

आता जे सांगायला बसलोय ते.

तुझ्या डाव्या डोळ्याची बाहुली गोल नाही. मैत्रिणी विचारतात आणि तू "आजारामुळे" म्हणून सांगतेस. ते खरं आहे, पण अर्धंच.

२०१२ चा उन्हाळा होता. तू सहा वर्षांची. थेंब दिवसातून चारवर आले होते, पण डोळ्याचं प्रेशर वाढलं होतं. मॅडम म्हणाल्या, स्टेरॉइडमुळे काहींचं वाढतं, प्रेशर कमी करायचा एक थेंब जोडू, पण स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, उतरवत न्यायचं. मी ऐकलं. घरी आलो तर पाहुणे बसलेले. त्यातले एक जाणते म्हणाले, "एवढ्याशा पोरीला स्टेरॉइड? डोळे घालवाल तिचे." त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि सकाळी मी थेंब बंद केले. तुझ्या आईला सांगितलं की मॅडमनीच सांगितलंय.

पुढची तारीख होती एप्रिलमधली. ते दिवस आमच्या धंद्याचे, विहिरी तळाला गेलेल्या, पंप कोरडे चालून जळतात, दुकानात मोटरी दारापर्यंत लावलेल्या. मी तारीख पुढं ढकलली. तू खेळत होतीस, डोळा पांढराशुभ्र, मला वाटलं बरं झालं, विष तरी थांबलं. असे पाच आठवडे गेले.

मेमध्ये मॅडमनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि बाहुली उघडली ती तीन पानांसारखी. सूज असली की बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. तीन ठिकाणी चिकटला होता. त्यांनी विचारलं, "थेंब चुकले का?" मी म्हणालो, "एखाद-दुसरा चुकला असेल."

सोनू, थेंब बंद केले ही माझी चूक घाबरण्यातून झाली. हे वाक्य मात्र मी विचार करून बोललो. मॅडमनी ते खरं धरलं. थेंब घालूनही सूज एवढी वाढते म्हणजे थेंब पुरत नाहीत, असा हिशोब करून त्या पुढचं औषध लिहायला लागल्या. त्यांचं पेन कागदावर चालताना मी बघत होतो. दारापर्यंत गेलो आणि परत येऊन सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. पेन ठेवलं, म्हणाल्या, "औषध चालत नाही आणि औषध घेतलं नाही, हे दोन वेगळे आजार आहेत माझ्यासाठी." आणि लिहिलेला कागद फाडला.

ते पुढचं औषध, मेथोट्रेक्सेट, चार महिन्यांनी लागलंच, ते लागणारच होतं असं त्या म्हणाल्या. पण थेंबांनी दोन जागा सुटल्या, तिसरी सुटली नाही. ती तुझ्या डोळ्यात आहे. तुझ्या आईला मी हे दोन वर्षांनी सांगितलं, तुला आज सांगतोय.

पुढचं तुला आठवत असेल. शनिवार म्हणजे गोळीचा वार. आठवड्यातून एकदाच, रोज नाही, म्हणून कॅलेंडरवर लाल गोल. त्या गोळ्या पिवळ्या, त्यामुळे तुला पिवळं काही दिसलं तरी मळमळायचं. आज्जीनं तुझ्यासाठी वर्षभर वरणात हळद घातली नाही. घरातल्या सगळ्यांनी ते पांढरं वरण खाल्लं. मग २०१६ ला अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन. त्याआधी टीबी नाही ना याची तपासणी, हातावर टोचून तीन दिवसांनी बघायचं, छातीचा फोटो. दुसऱ्याच वर्षी मॅडमनी सांगितलं की ब्रिटनमध्ये ९० मुलांवर याचाच अभ्यास झाला, आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की तो मुदतीआधीच थांबवला. मी त्या दिवशी स्वारगेटला उसाचा रस दोन ग्लास प्यायलो. आणि आज्जीनं एकदा ते इंजेक्शन बर्फाच्या खणात ठेवलं होतं, "थंड ठेवा म्हणाले ना" म्हणून. गोठलं, वाया गेलं. माझ्या दुकानाच्या महिन्याच्या भाड्याहून महाग होतं ते. मी काही बोललो नाही. मला बोलायचा अधिकारही नव्हता.

आता तुझं. तीन वर्षं डोळा शांत आहे. मॅडमचा हा शब्द मला फार आवडतो, शांत. म्हणूनच जूनमध्ये त्यांनी इंजेक्शन दोन आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांनी करायला सांगितलं. पण औषध कमी केल्यावरच सूज परत डोकं वर काढते, आणि कशी काढते हे तुला माहीत आहे. ही तपासणी त्यासाठीच आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, तिचं ऑपरेशन कधी करायचं झालं तरी आधी निदान तीन महिने डोळा शांत लागतो. दिवाळी लांब आहे.

अजून एक. गेल्या आठवड्यात तू मेसच्या काकूंच्या फ्रिजचा फोटो पाठवलास, मैत्रिणीचा केक दाखवायला. केकच्या मागे इंजेक्शनचे दोन डबे दिसले. तू चार घेऊन गेलीस. १ जुलै, २२ जुलै, १२ ऑगस्ट धरलं तर एक उरायला हवा होता. ताप होता म्हणून थांबली असशील तर बरोबरच केलंस, तापात घ्यायचं नाही, आधी विचारायचं. कंटाळा आला असेल तर तेही मला कळतं. नऊ वर्षं स्वतःच्या पोटाला चिमटा काढून सुई टोचायची, कोणाला कंटाळा येणार नाही?

मेथोट्रेक्सेटबद्दल दोन गोष्टी बापानं लिहू नयेत म्हणतात, पण लिहितो. ते चालू असताना दारू नको, आणि दिवस राहता कामा नयेत. बाळाला अपाय होतो. बाकी आईशी बोल किंवा डॉक्टरांशी. मला विचारलंस तर मी लाजेन, पण उत्तर देईन.

शुक्रवारी २९ तारखेला साडेअकराची वेळ घेतली आहे, मॅडमनी नागपूरच्या ज्या डॉक्टरांना पत्र दिलंय त्यांच्याकडे. मी येत नाही. सारखं मी बोलायचो आणि तू हनुवटी टेकवून बसायचीस, आता तू बोल. फाइल जड आहे, सगळी नेऊ नको. पहिला कागद, मागच्या दोन वर्षांचे कागद आणि रक्ताचे शेवटचे रिपोर्ट पुरे. बाहुली मोठी करतील, तेव्हा स्कूटी नेऊ नको, रिक्षानं परत ये. गॉगल कपाटात वरच्या कप्प्यात आहे म्हणते तुझी आई.

ते डॉक्टर तुला ओळखत नाहीत. इंजेक्शन चुकलं का, म्हणून विचारतील. त्यांना तारखेसकट सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझे,
पप्पा