चिक्कप्पांचं घर आणि आमचं

प्रिय शमे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं किती दिवस राहिलंय. माझा गुडघा ठीक, आईची साखर आटोक्यात.

तू दिलेली विवेक शानभागांची कन्नड कादंबरी ‘घाचर घोचर’ परवा रात्री संपवली आणि मन फार खट्टू झालं. तुझं लाडकं पुस्तक, म्हणजे आता भांडशील. कॉलेजात त्या नाटकावरून अबोला धरलास आणि वडापाव मात्र माझ्याच पैशांनी खाल्लास!

त्या कुटुंबाचे जुन्या घरातले दिवस किती खरे आहेत गं. निवेदकाच्या वडिलांचा, अप्पांचा हिशेब जुळेना म्हणून रात्री सगळं घर आकडेमोडीला बसतं, तिथं मला आमची मागची खोली दिसली. मुंग्यांसकट. पण त्याच्या काकांचा, चिक्कप्पांचा, मसाल्यांचा धंदा चालतो आणि त्याची आई अम्मा, बहीण मालती बघता बघता कजाग होतात. धंद्यात अप्पांचाही वाटा, तो ते दानात देऊन टाकतील ही सगळ्यांना धास्ती. इथवर पटलं. पण मसुराची आमटी घेऊन चिक्कप्पांकडे आलेल्या त्या बाईला दोघी दारातून हाकलतात, तेव्हा त्यांच्या पोटात काय कालवत होतं? काही कळत नाही. निवेदक कॉफी हाउसात वेटर व्हिन्सेंटच्या तोंडाकडे बघत बसतो. खरं बोलणारी एकटी त्याची बायको अनिता, तिचं काय झालं तेही आपणच ताडायचं.

हेच लेखकाचं कसब, म्हणशील. असेल. मला त्या बायकांचं मन हवं होतं. कारण आमचा वाडा बिल्डरकडे गेलाय. दादा-काकांचं बोलणं बंद आहे. हक्कसोडपत्राचा मसुदा आलाय, माझ्या सहीसाठी. आईने तो फ्रिजवर औषधांच्या डब्याखाली ठेवलाय, त्याविषयी चकार शब्द काढत नाही. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. जेवताना वहिनी पोळी वाढत हळूच विचारते, “ताई, तुमचं काय ठरलं?” माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेली बाई ती. पैशाने ती बिघडली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि भांडणं तर पैसा यायच्या आधीपासूनची, बाबांच्या आजारपणात कोणी किती केलं तेव्हापासूनची. ती अजून कोणी मिटवलेली नाहीत. हे सगळं त्या पुस्तकात सापडेल असं मी धरून चालले होते.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंट्याचा निकाल कळव. आणि सही करू की नको, ते आडपडदा न ठेवता लिही. दादाला रविवारी उत्तर द्यायचंय.

तुझी,
नलू