एम्युलेटर अडखळतो, पण दोष रॅमचा नसतो

संपादक महोदय,

विंडोज १० चे अधिकृत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेव्हापासून जुना लॅपटॉप भंगारात द्यायचा की मुलांना खेळायला, हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. जुन्या कन्सोलचे, म्हणजे खास गेमसाठीच्या यंत्रांचे, गेम एम्युलेटर या नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवणे हा त्याचा चांगला उपयोग. पण गेम अडखळू लागला की 'रॅम वाढवा, एसएसडी टाका' हा ठरलेला सल्ला मिळतो. खर्च होतो आणि गेम बहुतेक वेळा होता तिथेच राहतो. एसएसडीने गेम लवकर उघडेल, सुरू झाल्यावर वेग वाढणार नाही.

एम्युलेटर दुसऱ्या यंत्राची नक्कल करतो आणि तीही घड्याळ लावून. सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) गेममध्ये एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. मूळ यंत्राचे भाग क्षणोक्षणी एकमेकांशी जुळवून घेत असल्याने हे काम प्रोसेसरच्या चार कोअरमध्ये (स्वतंत्र गणन-भागांमध्ये) सारखे वाटता येत नाही, बराचसा भार एकावरच पडतो. म्हणून टास्क मॅनेजरमधला आकडा फसवा असतो. चार कोअरच्या यंत्रावर 'सीपीयू ३० टक्के' दिसले की वाटते प्रोसेसर रिकामाच आहे. प्रत्यक्षात एका कोअरचा जीव निघालेला असतो.

पैसे काढण्याआधी अडथळा कुठे आहे ते पाहावे. पीपीएसएसपीपी या, सोनीच्या हातात धरायच्या पीएसपी कन्सोलच्या एम्युलेटरचे उदाहरण घेऊ. पीएसपीचा मूळ पडदा ४८० बाय २७२ पिक्सेलचा. ग्राफिक्स सेटिंगमध्ये रेंडरिंग रेझोल्यूशन १एक्स (मूळ पडद्याइतकेच) करावे आणि स्पीड दाखवण्याचा पर्याय चालू करावा. बघायचे ते टक्के, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) नव्हे, कारण पीएसपीचे कितीतरी गेम मुळातच ३० फ्रेमचे आहेत. २एक्सवर ७० टक्के असलेला वेग १एक्सवर १०० झाला, तर अडथळा ग्राफिक्सचा होता आणि काम झाले. आकडा हललाच नाही, तर अडथळा प्रोसेसरचा. मग रेझोल्यूशन कितीही खाली आणले तरी चित्र फक्त खराब होईल.

ग्राफिक्सचा अडथळा असेल तर बॅकएंड (पडद्यावर चित्र काढण्याची पद्धत) बदलून पाहावा: डायरेक्टथ्रीडी ११, ओपनजीएल, वल्कन. इंटेलच्या पाचव्या पिढीपर्यंतच्या अंगभूत ग्राफिक्सला विंडोजवर वल्कन मिळत नाही, तिथे डायरेक्टथ्रीडी ११ बरे. रॅमचा सल्ला खरा ठरतो तो इथेच. अंगभूत ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच काम भागवते, त्यामुळे ४ जीबीची एकच पट्टी असेल आणि यंत्र ड्युअल चॅनेल (दोन पट्ट्या एकाच वेळी वापरणे) पेलत असेल, तर दुसरी पट्टी लावल्यावर ये-जा करायचा रस्ता दुप्पट रुंद होतो. मात्र १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मागणाऱ्या लॅपटॉपला १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ चालत नाही. जुनी पट्टी काढून लेबल वाचावे, मगच दुकानात जावे.

प्रोसेसरचा अडथळा असेल तर आधी फाजील ओझे उतरवावे. अनेक कन्सोलचे एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्ये रन-अहेड (बटणाला लवकर प्रतिसाद मिळावा म्हणून पुढची फ्रेम आधीच चालवणे) १ वर असेल, तर प्रत्येक फ्रेमचे काम जवळजवळ दोनदा होते. रिवाइंड (गेम मागे नेण्याची सोय) सतत स्थिती साठवत बसते. दोन्ही बंद. त्यानंतर रेट्रोआर्चचा कोअर, म्हणजे त्यातला एकेका कन्सोलचा एम्युलेटर (प्रोसेसरचा कोअर नव्हे), हलका निवडावा. सुपर निन्टेंडो या कन्सोलसाठी बीस्नेस हा कोअर अचूक असला तरी जुन्या यंत्राला जड जातो. स्नेस९एक्स २०१० तेच गेम कितीतरी कमी कष्टांत चालवतो. अचूकतेचा हट्ट दुबळ्या यंत्रावर धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फ्रेमस्किप (मधल्या फ्रेम न दाखवता सोडणे) मात्र शेवटचा उपाय, तोही १ पर्यंतच; २ वर गेलात की उडी मारायची वेळ हुकायला लागते.

आवाज करकरणे हे वेगळेच दुखणे मानले जाते. तसे नाही. एम्युलेटर वेळेत आवाज पुरवू शकला नाही की बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) रिकामा पडतो आणि तीच करकर ऐकू येते. ऑडिओ लेटन्सी, म्हणजे या साठ्याची लांबी, ६४ वरून १२८ मिलिसेकंद केल्याने अधूनमधूनचे झटके झाकले जातात. वेग कायमच ८५ टक्के असेल तर बफर कितीही मोठा केला तरी तो रिकामाच होणार.

गेम पहिली दहा मिनिटे सुरळीत आणि मग रडतखडत, असे होत असेल तर सेटिंगला हात लावू नका. ते उष्णतेचे लक्षण आहे. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. चार्जर लावून पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' वर ठेवावा. तरीही तसेच झाले तर मागचे झाकण उघडून पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीमधली धुळीची गादी काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, मोकाट फिरले तर बेअरिंग जाते. वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला देणारा लेप) पुसून नवी लावावी, लॅपटॉपच्या चिपला तांदळाच्या दाण्याएवढी पुरे.

प्लेस्टेशन २ चे काय, हे हमखास विचारले जाते. त्याचा मुख्य प्रोसेसर साधारण २९५ मेगाहर्ट्झचा, पण सोबत दोन व्हेक्टर युनिट (गणिताचे खास भाग), इनपुट-आउटपुटचा वेगळा प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप, सगळ्यांची एकाच वेळी नक्कल करायची. पीसीएसएक्स२ या प्लेस्टेशन २ च्या एम्युलेटरच्या आताच्या आवृत्त्यांना एसएसई ४.१ (प्रोसेसरमधला एक सूचनासंच) लागतेच, ६५ नॅनोमीटरच्या, म्हणजे सुरुवातीच्या, कोअर टू ड्युओ प्रोसेसरमध्ये ते नाही. ईई सायकल रेट (नकली मुख्य प्रोसेसरचा वेग) ७५ टक्के केल्यावर काही गेम सावरतात, तर काहींत मीटर १०० टक्के दाखवतो आणि पडद्यावर गेम धक्के खातो, कारण आपण नकली कन्सोललाच हळू केलेले असते. दोन कोअरच्या जुन्या सेलेरॉन प्रोसेसरवर पीएस२ चा नाद सोडावा. पहिला प्लेस्टेशन त्यावर छान चालतो.

विंडोजच जड झाले असेल तर बॅटोसेरा ही लिनक्सवर बेतलेली मोफत प्रणाली १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाकून, बूट मेनूतून तिथूनच यंत्र सुरू करून पाहावे. जमल्यास निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये लावावा. पेन ड्राइव्ह काढला की आतले विंडोज होते तसेच असते.

– संगणक दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक, नाशिक